काकांची चार, माझी तीन

गोळी लागलेला ओंडका झुलायचा थांबेपर्यंत भिवाजीकाका बोलत नसत. कडुनिंबाच्या आडव्या फांदीला दोन दोरांनी टांगलेला बाभळीचा ओंडका, त्याच्या पोटाशी ठोकलेला एक लांब खिळा, खिळ्याच्या टोकाखाली परातीत पसरलेली चुलीची राख, आणि बार झाल्यावर त्या राखेत उमटलेली एक बारीक, सरळ रेघ. धूर मक्याच्या तुऱ्यांवरून हळूहळू उतरत असे, भाद्रपदाचं धुतलेलं ऊन त्याला क्षणभर निळा रंग देत असे, समोरच्या डोंगराला जाऊन धडकलेला आवाज थकून परत येत असे. आणि या सगळ्याच्या मधोमध एक सडपातळ, पाठीत जरा वाकलेला म्हातारा श्वास रोखून फक्त त्या ओंडक्याकडे पाहत उभा. ओंडका थांबला की ते परातीशी उकिडवे बसत, रेघेच्या एका टोकाला बोटं टेकवत आणि मोजू लागत.

ती राख आठवली की मला राग येतो. सहा वर्षं झाली, तरी येतो. राग वयाबरोबर निवतो असं म्हणतात. माझा निवलेला नाही. तो आधी गावावर होता, मग काकांवर आला, आणि शेवटी जिथे यायला हवा होता तिथे येऊन बसला आहे. मोजणीच्या कामात याला मूळ खुणेवर येणं म्हणतात.

आमचं शिवार रोहिणखेडच्या वरच्या अंगाला आहे. डोंगर तिथे एकदम संपत नाही. तो पायऱ्या-पायऱ्यांनी खाली येतो आणि शेवटची पायरी आमच्या धुऱ्याला टेकते. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. त्या धुऱ्याच्या अलीकडे माझा दोन एकर मका, पलीकडे काकांची दीड एकर जमीन. नात्याने ते माझे कुणी नव्हते. एसटीच्या कार्यशाळेत एकतीस वर्षं फिटर म्हणून राबलेले, निवृत्तीनंतर गावी परतलेले, घरात पांढऱ्या कपड्यावरच्या बुद्धमूर्तीसमोर रोज सकाळी एक मेणबत्ती लावणारे, आणि त्या मेणबत्तीच्या उजेडातच दाढी करणारे. त्यांची सकाळ शांत असे, पण आवाजांनी भरलेली असे: वस्तऱ्याची खरखर, तांब्यात पाणी ओतल्याचा नाद, आणि मग लोखंडी पेटीचं झाकण उघडताना येणारी एक ठरावीक कुरकुर. त्या पेटीत पान्हे होते, कानस होती, तेलाची बाटली होती. बंदूक भिंतीवरच्या कुलुपाच्या कपाटात असे.

बंदूक काकांच्या वडिलांची. एकनळी, ठासणीची. पीक संरक्षणाचा परवाना वडिलांच्या नावावरून यांच्या नावावर आलेला. दस्त्याचं लाकूड हातांच्या घामाने इतकं गडद झालेलं की संध्याकाळच्या उन्हात ते वांग्याच्या सालीसारखं जांभळं चमके. अशा बंदुकीत काडतूस नसतं. बारूद, त्यावर कागदाचा बोळा, त्यावर शिशाची गोळी, हे सगळं तोंडाकडून आत सोडून गजाने ठासावं लागतं, आणि दर खेपेला ते माणसाच्या हातून होतं. म्हणून दर खेपेला ते थोडं वेगळं होतं. काकांना हे वेगळेपण सहन होत नसे. ज्या माणसाने एकतीस वर्षं नट किती आटे आवळायचा हे ठरवून आवळला, त्याला "अंदाजे" हा शब्द शिवीसारखा लागे.

म्हणून ते बार आधीच बांधून ठेवत. पितळी टोपणात बारूद भरायचं, पोस्टकार्डाच्या कडेने टोपणाचं तोंड सपाट करायचं, जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदात त्याची पुडी वळायची, आणि पुडीवर पेन्सिलीने टिंबं द्यायची. एक टिंब म्हणजे कमी, दोन म्हणजे मधलं, तीन म्हणजे जास्त. पुड्या वळताना त्यांची बोटं पाहण्यासारखी असत. लांब, बारीक, सांध्यांच्या रेघांत वंगण कायमचं मुरलेलं. साबणाने, वयाने, निवृत्तीनेही न गेलेलं. त्या बोटांनी इतकी वर्षं इंजिनाच्या अडचणीच्या जागा चाचपल्या होत्या आणि त्यामुळे डोळ्यांपेक्षा बोटांवर त्यांचा विश्वास जास्त होता.

दर वर्षी, मका कणसात यायच्या सुमारास, एका रविवारी दुपारी या पुड्यांची परीक्षा होई. पोलीस पाटलाला आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं असे. आधी वेग, मग नेम. वेग मोजायचं यंत्र आमच्याकडे कुठून असणार? पण एकच ओंडका, तेच दोर, तेवढंच अंतर असेल, तर गोळी जितक्या वेगाने येईल तितका ओंडका मागे जाईल आणि राखेतली रेघ तितकी लांब होईल, एवढं साधं गणित त्यात होतं. आत रुतलेल्या गोळ्यांनी ओंडका जड होतो म्हणून पाच बारांनंतर ते तो बदलत. नेमासाठी चाळीस पावलांवर बाभळीच्या खोडाला दर खेपेला एक कोरी सागाची फळी खिळली जाई. तिच्यामागे मातीचा मोठा ढिगारा. धुऱ्यावर वाळूची पिशवी, पिशवीवर नळी, आणि एकामागून एक पाच गोळ्या. पाच भोकांपैकी सर्वांत लांबची दोन घ्यायची आणि त्यांच्यातलं अंतर लिहायचं.

तीन टिंबांची रेघ सगळ्यांत लांब येई आणि तिचीच भोकं फळीभर पांगत. दोन टिंबांची रेघ जरा आखूड, पण भोकं एकमेकांना धरून. काका दर वर्षी दोन टिंबांवरच थांबत. याचा गावातल्या काहींना फार त्रास होई. मोठ्या जमिनीचा एक मालक दर हंगामात धुऱ्यावर येऊन उभा राही.

"काका, थोडी जास्त टाका न बारूद. आवाज त निघू द्या. डुकरं डोंगरापल्याड गेली पाह्यजे!"

"आवाज पाह्यजे त फटाके आन," काका मान वर न करता म्हणत. "पोराच्या लग्नात वाजव. माह्या नळीत कायले घालतं?"

तो गेला की माझ्याकडे पाहून हळूच सांगत, "जोर आवाजात नसते, बापू. जोर राखीत दिसते."

त्यांची एक वही होती. शाळकरी, दोनशे पानी, वर खाकी कव्हर. ती लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं, कारण मी जमीन मोजणाऱ्या खात्यात नोकरीला, अक्षर सुवाच्य, आणि आकडा खोडून पुन्हा लिहिणं मला अजूनही अंगावर डाग पडल्यासारखं वाटतं. पहिल्याच रविवारी परिमाणाचा प्रश्न निघाला होता. मी टेप काढला. काकांनी नको म्हटलं. टेप घरी विसरतो, टेपचं टोक वाकतं, टेप दुसरा कोणी नेतो. बोटं आपल्यासोबत असतात. बारा बोटांची एक वीत, हे जुनं माप त्यांना पुरेसं होतं. पण बोटं कुणाची? माझी बोटं जाड, आखूड, त्यांची काटकुळी. आम्ही फळीवर दोघांची बोटं शेजारी शेजारी लावून पाहिली. माझी तीन बोटं भरली तिथे त्यांची बरोबर चार भरली. काका खूश झाले. "पाय, हिसोब सोपा झाला." मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: *सर्व मापे भिवाजीकाकांच्या बोटांत. मोजणाऱ्याची तीन = काकांची चार.* त्याखाली त्यांनी आणखी एक ओळ सांगितली आणि मी ती लिहिली: *फळीवर बारा बोटांच्या वर गेलं की बंदूक ठाण्यात जमा.*

ही दुसरी ओळ त्यांनी सहज सांगितली नव्हती. आमच्या धुऱ्याच्या पलीकडून पायवाट जाते. सकाळी सहाला त्या वाटेने सोंगणीला, निंदणीला बाया जातात. डोक्यावर भाकरीचं गाठोडं, हातात पाण्याची कॅन, तोंडात एकमेकींची थट्टा. डुकरं राखायला बांधलेल्या मचाणावरून त्या वाटेकडे नळी कधीच वळत नसे. बार नेहमी खाली, मातीच्या ढिगाऱ्याच्या दिशेने. पण ढिगारा किती रुंद, वाट तिथून किती लांब, आणि त्या अंतरात नेम किती चुकला तर चालेल, हे काकांनी पावलांनी मोजून ठेवलं होतं. बारा बोटं हा आकडा तिथून आला होता. त्या आकड्याच्या पलीकडे माणसं होती.

वहीची सात वर्षं मी अजून तोंडपाठ म्हणू शकतो. सहा, सहा, सात, सहा, साडेसात, आठ, नऊ. पहिली पाच वर्षं ते स्वतः माझ्यासोबत फळीपर्यंत चालत, बोटं टेकवत, आणि मी नुसता लिहीत असे. मग गुडघा गेला. शेवटची दोन वर्षं ते धुऱ्यावरच बसून नळीत गरम पाणी ओतत, गजाला चिंधी गुंडाळून ती आतून पुसत, आणि मला पाठवत. मी माझ्या बोटांनी मोजी, चारने गुणी, तीनने भागी आणि लिही. आठ आणि नऊ हे आकडे माझ्या गुणाकाराचे होते. ते खरे होते. हे मी ठासून सांगतो, कारण पुढचं सांगायचं आहे.

त्या आठव्या वर्षी ऊन असं स्वच्छ होतं की डोंगरावरचं एकेक सालईचं झाड मोजता यावं. काकांना ती झाडं दिसत नव्हती, हे मला त्या आधी महिनाभर कळत होतं. चहाच्या कपाकडे जाणारा त्यांचा हात कपाच्या आधी एकदा हवेत थबके. समोरून येणाऱ्याला ते चालीवरून ओळखू लागले होते. डोळ्यांत पिकत चाललेल्या मोतीबिंदूने त्यांच्या बुबुळांना पहाटेच्या धुक्यासारखा एक मऊ, दुधाळ रंग आणला होता, आणि खरं सांगायचं तर तो त्यांना शोभत होता. सुंदर दिसणाऱ्या गोष्टी धोक्याच्या असतात हे मला तेव्हा सुचलं नाही.

ओंडका झुलला. रेघा मोजल्या: एकोणीस, एकोणीस, साडेएकोणीस. गेल्या वर्षीही याच होत्या. म्हणजे बारूद ठीक, पुड्या ठीक, नळी ठीक. वेगात काडीचा फरक नाही. ही परीक्षा त्यांनी अशी रचली होती की ती खोटं बोलूच शकत नसे. राख बंदुकीबद्दल सांगे आणि फळी माणसाबद्दल. मग पाच बार झाले आणि मी फळीकडे चालत गेलो.

मी बोटं टेकवली. तीन, सहा, नऊ, आणि वर दीड. साडेदहा.

मी गुणाकार केला. तो आपोआप होतो. पाण्याला उतार दिसावा तसा मला गुणाकार दिसतो. चौदा. मी फळीसमोर उभा राहिलो. मागे गजाचा आवाज येत होता, नळीत चिंधी सरकल्याचा, लयीत, समाधानाने. माझ्या डाव्या हाताला माझा मका उभा होता, कणसांत दूध भरलेला. आठवड्यापूर्वी डुकरांनी त्याच्या चार ओळी आडव्या केल्या होत्या. डुकरं मारायला वनखात्याचा लेखी परवाना नुकताच आला होता. आजूबाजूच्या पाच शेतांत बंदूक ही एकच होती. आणि धुऱ्यावर जो म्हातारा बसला होता, त्याच्याकडे त्या वहीखेरीज स्वतःचं असं फारसं उरलेलं नव्हतं.

"किती रे, बापू?" त्यांनी ओरडून विचारलं.

"साडेदहा!" मी ओरडलो.

मी खोटा आकडा लिहिला नाही. मी तसा माणूस नाही. साडेदहा ही मोजलेली, खरी, दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची संख्या होती. मी फक्त बोटं कुणाची हे सांगितलं नाही. पंचवीस वर्षं मी लोकांच्या भांडणात साखळी घेऊन उभा राहिलो आहे. साखळी एका कडीने आखूड असेल तर शेजाऱ्याचं शेत कसं खाल्लं जातं, हे मी नव्या पोरांना शिकवतो. नुकसानीचे पंचनामे गाडीच्या काचेतून पाहून लिहिणाऱ्यांना मी तोंडावर नावं ठेवली आहेत. आणि त्या दुपारी मी नेमकं तेच केलं, फक्त जास्त नीटनेटक्या अक्षरात. त्यात प्रेम किती होतं आणि मका किती होता, ही वाटणी मला आजवर करता आलेली नाही. आकड्यांच्या माणसाला याहून मोठी शिक्षा नसते.

"मंग यंदा बी जमलं!" काका हसले. त्यांनी खिशातून कागदाची एक पुडी काढली, टिंब नसलेली; तिच्यात गूळ आणि शेंगदाणे होते. मी ते खाल्ले.

आश्विनातली ती सकाळ धुक्याची नव्हती. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण नंतर लोकांनी धुकं घातलं. उजाडलं होतं, सोयाबीनच्या वाळल्या शेंगांचा खुळखुळ वाऱ्याबरोबर येत होता, मी धुऱ्यावर डबा खाली ठेवत होतो. मचाणावरून बार झाला. माझ्या मक्यातून एक काळा लोळ उसळून डोंगराकडे पळाला. आणि मग, ढिगाऱ्याच्या कडेपलीकडून, पायवाटेवरून, एका बाईची किंकाळी.

मी धावलो. किंकाळी संपायच्या आत तिची शिवी झाली होती. वत्सलाबाई उभी होती. सोंगणीच्या टोळीची मुकादम, पन्नाशीची, कष्टाने रापलेली. चपलेचा अंगठा तुटला म्हणून तिने पाण्याची कॅन बांधावर ठेवली होती आणि दहा पावलं मागे दगडावर बसून ती अंगठा लावत होती. गोणपाटात गुंडाळलेल्या त्या कॅनीला आरपार भोक पडलं होतं आणि दोन्हीकडून पाणी वाहत होतं, अगदी शांतपणे, जसं काही झालंच नाही.

तोवर काका मचाणावरून उतरून, गुडघा ओढत, बंदूक धुऱ्यावर ठेवून आले होते. ती त्यांच्यासमोर कॅन धरून उभी राहिली.

"काऊन जी मामा? कॅनीनं तुमचं काय घोडं मारलं होतं?" तिचा आवाज फाटला होता, पण जीभ शाबूत होती. "डुक्कर इकडं, गोई तिकडं! डुकरासंग सोयरीक केली का काय? त्यानं म्हनलं असंन, मले सोड अन् वच्छीले पाय!"

"माय, तुले लागलं त नाई?"

"लागलं असतं त बोलली असती का मी?" आणि मग, माझ्याकडे वळून, "अन् हे मोजनीवाले साहेब! दुसऱ्याच्या धुऱ्यावर इंच इंच मोजते, अन् घरची बंदूक कोनीकडं पाह्यते ते नाई दिसत याइले!"

बाकीच्या बाया लांब उभ्या होत्या. कुणी हसलं नाही. काकांनी कॅन हातात घेतली. डोळे मिटून त्यांनी उजव्या हाताचं एक बोट त्या भोकात घातलं आणि पाणी थांबलं. ते तसेच उभे राहिले, कुणाची नाडी पाहत असावेत तसे.

"बापू," ते म्हणाले, "वही आन."

वही मचाणाखालच्या पेटीत होती. मी आणली.

"वाच. यंदाचं."

"साडेदहा."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. त्या दुधाळ डोळ्यांना माझा चेहरा दिसत नसणार. तरी मी खाली पाहिलं.

"कोनाचे?"

एवढाच शब्द. मोठ्याने नाही, रागाने नाही. पान्हा मागावा तसा. मी पानात पेन्सिल घालून वही मिटली. वही मिटल्याचा आवाज हेही एक माप असतं आणि ते त्यांनी अचूक घेतलं.

ते फळीकडे निघाले. धुऱ्यापासून चाळीस पावलं, पण त्या गुडघ्याने त्यांची साठ झाली असतील. मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. वत्सलाबाई शेजारून चालत गेली. फळीपाशी पोचल्यावर त्यांनी तळहात फिरवून भोकं शोधली, सर्वांत डावीकडचं, सर्वांत उजवीकडचं, आणि मग चार बोटं जोडून टेकवली. वत्सलाबाईला काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण मोजणी दिसली की माणूस मोजतो.

"च्यार," ती म्हणाली. बोटं सरकली. "आठ." पुन्हा सरकली. "बारा."

आणि मग तिच्याही लक्षात आलं असावं की हा म्हातारा इथे थांबायला हवा होता, कारण पुढचं ती हळू म्हणाली.

"अन् दोन."

काकांनी माझ्या हातातून वही आणि पेन्सिल घेतली. ओळ कुठे आहे हे त्यांना दिसत नव्हतं. पानावर बोट फिरवून, माझ्या दाबून लिहिलेल्या अक्षराचा खळगा शोधून, त्याच्यावरच त्यांनी मोठ्या, वेड्यावाकड्या आकड्यांत चौदा लिहिलं. माझ्या आयुष्यातला खाडाखोड झालेला तो एकमेव आकडा.

मला वाटलं होतं ते मला बोलतील. मी त्याची वाट पाहत होतो. चार बायांसमोर त्यांनी मला थोबाडीत मारली असती तरी मी ती मोजून घेतली असती. ते बोलले ते वत्सलाबाईशी. "नवी कॅन आनून देतो, माय." त्यावर ती म्हणाली, "कॅनीचं काय घेऊन बसले मामा, बसा खाली, पानी पेता का?" आणि तिच्याकडे पाणी नव्हतं, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी पोत्यात गुंडाळलेली बंदूक आणि प्लास्टिकच्या पिशवीत परवाना घेऊन ते एसटीने ठाण्यात गेले. मी सोबत गेलो. त्यांनी नको म्हटलं नाही, चलही म्हटलं नाही. टेबलापलीकडच्या हवालदाराने फॉर्म भरताना विचारलं, "परत का करता बाबा? कारण लिहावं लागते."

"डोये गेले, साहेब," काका म्हणाले.

मी बाकावर बसलो होतो. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मला त्या क्षणी उठून सांगता आलं असतं की डोळे तर दोन वर्षांपासून जात होते, आणि या माणसाने ते जाणार हे गृहीत धरून आपल्यावर एक पहारा बसवला होता, आणि तो पहारा मी झोपवला. मी बसून राहिलो. फॉर्मवर त्यांच्या डोळ्यांची नोंद झाली. माझी कुठेच झाली नाही.

माझा त्यांच्यावरचा राग हा होता. त्यांनी मला शिक्षा दिली नाही. त्यानंतर चार वर्षं ते जगले. परक्यासारखं राम राम म्हणाले नाहीत, रोज जय भीमच म्हणाले, जसे आधी म्हणत. चहाला बोलावलं. मोतीबिंदू काढल्यावर खामगावहून माझ्यासाठी चष्म्याची डबी आणली, "दोन देल्या, एक तुले." माझा मका त्या वर्षी डुकरांनी निम्म्याहून जास्त नेला, तर पुढच्या वर्षी हा माणूस मचाणावर बसून पत्र्याचा डबा बडवत होता, आणि स्वतःच्या दीड एकराइतकाच माझ्या दोन एकरांसाठीही बडवत होता. फक्त एक गोष्ट बदलली. दाराची चौकट बदलायची होती तेव्हा त्यांनी टेप काढला आणि त्याचं दुसरं टोक धरायला वत्सलाबाईला हाक मारली. मी समोर उभा होतो. धुऱ्यावरची नाली आखली तेव्हाही तीच. "व वच्छे, ये जरा, टोक धर." ती यायची, टोक धरायची, आणि माझ्याकडे न पाहता आकडा सांगायची. सेंटिमीटरमध्ये. जोरात. पुढे कधीतरी डोळे चांगले झाल्यावरही त्यांनी बोटांनी काही मोजल्याचं मी पाहिलं नाही.

ते गेले तेव्हा पौषातली थंडी होती. अंत्ययात्रेत मागून चालताना मी ऐकलं, "बंदूकच जुनी होती, नळी झिजली असंन." कुणी म्हणालं, "बारूद ओली झाली असंन त्या सालची." तो मोठ्या जमिनीचा मालक म्हणाला, "मी सांगतच होतो, जास्त टाका म्हनून." मी मागे वळलो आणि भर रस्त्यात, त्या माणसाच्या छातीशी जाऊन सांगितलं की नळी ठीक होती, बारूद ठीक होती, राखेतली रेघ एकोणीस होती; चुकलं होतं ते माप, आणि माप मी घेतलं होतं. मग एकाने माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "जाऊ द्या साहेब, दुःखात मानूस काईबी बोलते." इतकी वर्षं साठवलेला खरा आकडा मी चौकात ओतला आणि तो कुणी मोजूनच घेतला नाही. वत्सलाबाई तेवढी पुढून मागे वळून पाहत होती.

वही माझ्याकडे आहे. त्यांच्या मुलीने पेटी आवरताना दिली. ओंडका कुणीतरी जाळला, परात भंगारात गेली, पण फळी अजून त्या बाभळीला खिळलेली आहे. पाच भोकांच्या कडा पावसाने काळ्या झाल्या आहेत. एकात मुंग्यांनी घर केलं आहे. दर भाद्रपदात एका रविवारी दुपारी मी तिथे जातो. ऊन तसंच धुतलेलं असतं. डोंगर तसाच पायऱ्या-पायऱ्यांनी खाली येतो. मी बोटं टेकवतो.

गेल्या दोन वर्षांत मला मधुमेह निघाला आणि अंग उतरलं. अंगठी सैल झाली म्हणून बायकोने तिला दोरा गुंडाळून दिला. या वर्षी फळीवर साडेदहा भरलेच नाहीत, सव्वाअकरा भरले. मी पुन्हा मोजलं. सव्वाअकरा. सागाची ती फळी तशीच आहे, भोकं जिथल्या तिथे आहेत. झिजतो आहे तो मोजणारा. काळ माझी बोटं सावकाश, काटेकोरपणे, कुठल्याही घाईशिवाय त्यांच्या बोटांइतकी करत आणतो आहे. एखाद्या भाद्रपदात मी इथे उभा राहीन आणि गुणाकार न करता, वहीचं पहिलं पान न उघडता, बरोबर चौदा भरतील, पण धुऱ्यावरून "किती रे, बापू?" असं ओरडून विचारणारं तेव्हा तिथे कुणी नसेल.